घरच्या पोकरमध्ये कॉल करायच्या आधी: पत्ते, पॉट आणि किंमत

दिवाळीत तीन पत्ती खेळलेली माणसं पहिल्यांदा पोकरला बसली की एक वाद हमखास होतो, एकाकडे कलर असतो, दुसऱ्याकडे सिक्वेन्स, आणि दोघंही पॉटवर हात टाकतात. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा आणि पोकरमध्ये कलर मोठा (कलर म्हणजे सगळे पत्ते एकाच रंगाचे, इथे त्याला फ्लश म्हणतात, आणि सिक्वेन्स म्हणजे ओळीने आलेले पत्ते, त्याला स्ट्रेट). हे कोणी मनाला येईल तसं ठरवलेलं नाहीये, यामागे सरळ मोजणी आहे आणि ती एकदा बघितली की क्रम घोकावा लागत नाही. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स कमी वेळा येतो. पण पाच पत्ते घेतले की एकूण प्रकार होतात २५,९८,९६० आणि त्यात स्ट्रेट १०,२००, फ्लश ५,१०८, म्हणजे उलटं झालं. जे कमी वेळा येतं ते मोठं. तीन पत्तीत मात्र वरच्या टोकाला हा हिशोब पाळलेला नाही, ट्रेल म्हणजे तीन सारखे ५२ प्रकारे येतो आणि प्युअर सिक्वेन्स म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स ४८ प्रकारे, तरी मान ट्रेलला. पोकरचा क्रम पाच पत्त्यांच्या मोजणीशी तंतोतंत जुळतो: सगळ्यात खाली नुसता मोठा पत्ता, मग जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस म्हणजे तीन सारखे अधिक एक जोडी, चार सारखे आणि सगळ्यात वर एकाच रंगाचा स्ट्रेट.

अजून दोन गोष्टी तीन पत्तीवाल्यांनी आधीच डोक्यातून काढाव्यात. बऱ्याच घरांत एक्का-दुर्री-तिर्री हा जवळजवळ सगळ्यात मोठा सिक्वेन्स धरतात, पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट आहे. आणि रंगांत लहानमोठं काही नसतं, इस्पिकचा फ्लश बदामच्या फ्लशपेक्षा मोठा वगैरे काही नाही, पाचही पत्ते आकड्याने सारखे निघाले तर पॉट अर्धा अर्धा.

हे सगळं लिहायचं कारण, आमच्याकडे कोथरूडला शनिवारी रात्री सहाजण जमतो आणि नवीन माणूस आला की मला दरवेळी हेच पहिल्यापासून सांगावं लागतं. घरातलीच माणसं असतात, वहिनी, आतेभाऊ, शेजारचे काका जे बँकेतून रिटायर झालेत, हिंजवडीहून येणारा एक मित्र, स्टॅटिस्टिक्स शिकणारी मामेबहीण आणि मी. पैसे लावत नाही, रविवार पेठेतून आणलेली तीन रंगांची शिवणकामाची बटणं आहेत त्याच आमच्या चिप्स, प्रत्येकाला २,००० च्या, आणि ज्याच्या आधी संपतात त्याने सगळ्यांचा चहा करायचा. ऑनलाइन पैसे लावून खेळायचे गेम तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच झालेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण पोकरमधली जी खरी मजा आहे, म्हणजे विचार करायची, ती बटणांवर खेळूनही पूर्ण मिळते, फक्त बटणं वाचवायची इच्छा प्रत्येकाला मनापासून पाहिजे.

खेळ कसा चालतो ते पटकन सांगते. आम्ही टेक्सास होल्डेम खेळतो. प्रत्येकाला दोन पत्ते उलटे मिळतात, मग बोली, मग मध्ये तीन पत्ते सुलटे मांडतात (फ्लॉप), परत बोली, मग चौथा (टर्न), बोली, मग पाचवा (रिव्हर) आणि शेवटची बोली. हातातले दोन आणि मधले पाच मिळून सात, त्यातले कुठलेही उत्तम पाच तुमचे. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पत्ते बघायच्या आधीच थोड्या चिप्स टाकाव्या लागतात, आमच्याकडे १० आणि २०, त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी याचा संबंध नाही, इथे सगळे पत्ते बघूनच खेळतात. तुमची पाळी आली की कोणी बोली लावलेली नसेल तर चेक म्हणजे पुढे जाऊ द्या किंवा बेट म्हणजे लावा, लावलेली असेल तर फोल्ड म्हणजे पत्ते टाकून द्या, कॉल म्हणजे तेवढ्याच चिप्स घाला किंवा रेझ म्हणजे बोली वाढवा. बस एवढंच, पण खरा खेळ ह्या तीन शब्दांतून निवडण्यातच आहे आणि घरच्या टेबलावर जवळजवळ सगळ्या चुका एकाच बाजूला होतात, लोक कॉल फार करतात. आलोय तर बघूया तरी, असं म्हणून.

कॉल करण्यात वाईट काही नाही, पण कॉल म्हणजे तुम्ही काहीतरी विकत घेताय. मंडईत गेल्यावर मेथी ताजी आहे का एवढंच आपण बघत नाही, जुडी कितीला हेही विचारतो ना, तसंच इथे पत्ते चांगले आहेत का हा अर्धाच प्रश्न झाला, उरलेला अर्धा म्हणजे कितीला मिळतायत. हा दुसरा अर्धा शिकवला की माणूस एकदम वेगळा खेळायला लागतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याच टेबलावरचा एक हँड घेते, सगळा हिशोब यातच कळेल. वहिनी बिग ब्लाइंडवर होती, हातात बदाम एक्का आणि बदाम अठ्ठी. मित्राने ६० ला रेझ केलं, मधले सगळे गेले, मी स्मॉल ब्लाइंडवर होते मीही दहा सोडून फोल्ड केलं, वहिनीने वरचे ४० घातले. पॉट १३०. फ्लॉप आला बदाम राजा, इस्पिक नव्वी, बदाम तिर्री. म्हणजे वहिनीकडे चार बदाम झाले, अजून एक आला की एक्क्याचा फ्लश, त्याच्या वर फार काही नाही. मित्राने ७० लावले. आता किंमत बघा, पॉटमध्ये १३० अधिक त्याचे ७० असे २०० आहेत, आणि वहिनीला ते जिंकायला ७० घालायचेत. घातल्यावर पॉट २७० होणार, त्यातले ७० तिचे, म्हणजे २६ टक्के. याचा अर्थ असा की तिला शंभरातून २६ वेळा तरी जिंकता आलं पाहिजे, तर कॉल फुकट जाणार नाही.

जिंकणार किती वेळा, तर तेही मोजता येतं. कॅटमध्ये बदाम १३, चार दिसतायत, नऊ शिल्लक. न दिसलेले पत्ते ४७. पुढच्याच पत्त्याला बदाम यायचा चान्स ४७ त ९, म्हणजे १९ टक्के, आणि टर्न-रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर ३५ टक्के. डोक्यात करायचं असेल तर कामाचे पत्ते मोजायचे आणि एक पत्ता यायचा असेल तर दोनने गुणायचं, दोन्ही बघायला मिळणार असतील तर चारने, नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस, खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ. स्ट्रेटला दोन्ही टोकं उघडी असतील तर कामाचे पत्ते आठ, मधलाच एक पाहिजे असेल तर चारच, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. वहिनीकडे नऊ बदामांशिवाय तीन एक्केही आहेत जे आले तर बहुतेक पुढे नेतील, आणि बदाम आल्यावर मित्राकडून अजून काही चिप्स मिळतील, त्यामुळे ७० चा कॉल मला बरोबर वाटतो. पॉट २७०.

टर्नला आली किलवर चौकी, काहीच बदललं नाही. मित्राने सरळ २७० लावले, म्हणजे पॉटएवढे. वहिनी म्हणाली, "पस्तीस टक्के चान्स आहे आणि लागतायत तेहेतीस, मग कॉल." तेहेतीस बरोबर होते: पॉट ५४० झालाय, २७० घालायचेत, घातल्यावर ८१०, त्यातले २७० म्हणजे एक तृतीयांश. पस्तीस चूक होते. ते दोन पत्ते बाकी असतानाचे, आता एकच उरलाय. ४६ पत्त्यांत ९ बदाम म्हणजे २० टक्क्यांच्याही थोडं खाली. ही चूक मी इतक्या लोकांना करताना बघितलीये की माझं मत आहे, चारने गुणायचा नियम नवीन माणसाला पहिले काही महिने सांगूच नये, दोनने गुण म्हणावं आणि सोडून द्यावं. चारने तेव्हाच गुणायचं जेव्हा पुढे अजून चिप्स न घालता दोन्ही पत्ते बघायला मिळणार आहेत, म्हणजे कोणीतरी फ्लॉपलाच ऑल-इन झालंय, उरलेल्या सगळ्या चिप्स लावून.

आणि ते तीन एक्के? इथे थांबून समोरच्याकडे काय असेल याचा विचार करायला लागतो, आणि हा पोकरमधला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. मित्राकडे "राजा आहे" असं एक उत्तर धरून चालत नाही, त्याच्याकडे काय काय असू शकतं आणि ते किती प्रकारे असू शकतं ते बघायचं. एक राजा मध्ये पडलाय म्हणून तीन उरले, एक एक्का वहिनीकडे आहे म्हणून एक्केही तीन उरले, तेव्हा एक्का-राजा त्याच्याकडे तीन गुणिले तीन म्हणजे नऊ प्रकारे असेल. राजा-राणी तीन गुणिले चार, बारा प्रकारे. राण्यांची, गुलामांची, दश्श्यांची जोडी प्रत्येकी सहा प्रकारे, म्हणजे अठरा. एक्क्यांची जोडी तीन प्रकारे. राजाची, नव्वीची किंवा तिर्रीची जोडी हातात असून मधल्या पत्त्याबरोबर तीन सारखे झाले असतील तर ते प्रत्येकी तीन, मिळून नऊ. एकूण एक्कावन्न. आता वहिनीला एक्का आला तर ती कोणाला हरवणार, तर राजा-राणीला आणि त्या अठरा जोड्यांना, म्हणजे एक्कावन्नातले तीस. बाकीच्यांपुढे एक्का येऊन उलट जास्त नुकसान, कारण आता आपण पुढे आहोत असं वाटून ती अजून चिप्स घालणार. म्हणून तीन एक्क्यांना मी दोनच धरते. नऊ आणि दोन अकरा, ४६ त ११ म्हणजे २४ टक्के, आणि लागतायत ३३. फोल्ड.

तिने कॉल केला, आणि रिव्हरला बदाम पंजी आली. टाळ्या वाजल्या. वहिनीने ४०० लावले, मित्राने तिसरा बदाम बघून पत्ते टाकून दिले. पॉट वहिनीचा, आणि त्यानंतर चहा होईपर्यंत आम्ही यावर बोलत होतो, कारण वहिनीचं म्हणणं साधं होतं, जिंकले ना. पण अशा जागी हाच कॉल परत परत केला तर सरासरी पंचाहत्तरच्या आसपास चिप्स जातात, दर वेळी. त्या दिवशी बदाम आला एवढंच. मित्राने फोल्ड केलं ही गोष्ट मला टाळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटली. कारण लोक म्हणतात की आत्ता किंमत जास्त आहे पण लागलं की पुढे वसूल होईल, आणि हे बोलणं काही वेळा खरंही असतं, पण ते किती ते मोजायला पाहिजे. इथे हा कॉल बरोबरीत यायला बदाम किंवा एक्का आल्यावर दर वेळी सरासरी ३२० चिप्स वरून मिळायला हव्या होत्या. बदाम राजा, बदाम तिर्री, बदाम पंजी असं सगळ्यांसमोर मांडलेलं असताना सावध माणूस तेवढ्या देत नाही, या मित्राने एकही दिली नाही. काका असते समोर तर दिल्या असत्या, काका नक्की कॉल करतात. तेव्हा समोर कोण आहे हासुद्धा किमतीचाच भाग झाला.

आणि हाच हँड, हेच पत्ते, फक्त मित्राने टर्नला २७० ऐवजी ६० लावले असते तर? पॉट ३३०, घालायचे ६०, मिळून ३९०, म्हणजे १५ टक्के लागणार आणि आहेत २४. डोळे मिटून कॉल. पत्ते तेच, चान्स तोच, उत्तर उलटं. मामेबहिणीने हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा वहिनीला पटलं, आणि आता टेबलावर सगळ्यात आधी पॉट मोजून मागते तीच.

याची दुसरी बाजू पण आहे जी लोक विसरतात. चांगले पत्ते तुमच्याकडे असतील आणि मध्ये दोन बदाम दिसत असतील तर किंमत ठरवणारे तुम्ही आहात. २७० च्या पॉटमध्ये ६० लावणं म्हणजे समोरच्याला स्वस्तात पत्ता विकणं, आणि मित्राने पॉटएवढे लावले ते अगदी योग्य होतं, तो हरला तरी. घरच्या टेबलावर लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत ४०-५० च लावत राहतात, पॉट केवढाही झाला तरी, आकडा सवयीचा झालेला असतो. पॉटच्या अर्ध्याच्या खाली फारसं जाऊ नये असं मी नवीन लोकांना सांगते.

आता काकांचे एक्के. दोन एक्के हातात यायचा चान्स २२१ त एकदा, कुठलीही जोडी १७ त एकदा, त्यामुळे बऱ्याच शनिवारी एक्क्यांची जोडी तुम्हाला दिसणारच नाही. काकांना ती आली आणि त्यांनी नुसता २० चा कॉल केला, लपवायला, कारण "रेझ केलं की सगळे पळतात". तीन पत्तीतून आलेली ही सवय मला समजते. पण मग सहाही जण आत आले. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही अनोळखी हाताविरुद्ध शंभरातून ८५ वेळा जिंकते, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, चौघांविरुद्ध ५६ आणि पाचजणांविरुद्ध ४९. म्हणजे जगातले उत्तम दोन पत्ते हातात आणि तरी निम्म्याहून जास्त वेळा हार. आता कोणी म्हणेल सहाजणांच्या पॉटमध्ये ४९ टक्के म्हणजे फायदाच की, वाट्याला तर सतराच टक्के यायला हवेत, आणि ते बरोबर आहे, काका तोट्यात नव्हते. पण १२० च्या पॉटवर ४९ टक्के घेण्यापेक्षा ८० ला रेझ करून दोघांबरोबर अडीचशेच्या पॉटवर ७३ टक्के घेणं कितीतरी बरं, आणि पुढचे निर्णयही सोपे.

कारण पुढे झालं असं की फ्लॉप आला सत्ती-अठ्ठी-नव्वी, काकांनी १०० लावले, आतेभाऊ आणि वहिनी आत, टर्नला दश्शी. आतेभावाकडे गुलाम-नव्वी होती, त्याचा स्ट्रेट झाला, त्याने ६०० लावले आणि काका बराच वेळ पत्त्यांकडे बघत बसले आणि कॉल केला. ८० ला रेझ झालं असतं तर आतेभाऊ गुलाम-नव्वी घेऊन बसलाच नसता, हे तो स्वतः म्हणाला. आणि टर्नला चार पत्ते ओळीने पडलेत, एक गुलाम किंवा एक छक्की असलेला कोणीही स्ट्रेट घेऊन बसलाय, अशा वेळी हातातली एक्क्यांची जोडी ही फक्त एक जोडी असते. सुरुवातीला ती उत्तम होती याने काही फरक पडत नाही, पत्ते पाच झाले की पाचांचाच विचार करायचा. एक्के टाकणं अवघड जातं मला कळतं, माझंही जीवावर येतं.

नुसता कॉल करून आत शिरायच्या या सवयीबद्दल एक पुरावा आहे जो मला फार आवडतो. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी आणि फेसबुकच्या लोकांनी बनवलेल्या प्लुरिबस नावाच्या प्रोग्रॅमने सहाजणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याला माणसांचे हँड दाखवून शिकवलेलं नव्हतं, तो स्वतःशीच खेळून शिकला, आणि शिकता शिकता त्याने सुरुवातीला नुसता कॉल करणं जवळपास सोडूनच दिलं, स्मॉल ब्लाइंडची जागा सोडली तर. जुने खेळाडू वर्षानुवर्षं हेच सांगत होते. आपल्या घरच्या टेबलावर नेमकं हेच सगळ्यात जास्त होतं.

मग सुरुवातीला खेळायचं काय? जोडी नसलेले कुठलेही दोन पत्ते घेतले तर तीनातून साधारण दोनदा फ्लॉपमध्ये त्यांची जोडी लागत नाही, तेव्हा असे पत्ते घ्या की लागलं तर मोठं लागेल. एक्का दिसला की खेळायचाच हे पहिल्यांदा सोडा. एक्का-सत्ती विरुद्ध एक्का-राजा असं झालं तर चारातून तीनदा एक्का-राजा जिंकतो, कारण एक्का दोघांचाही लागतो आणि मग दुसरा पत्ता बघतात. लहान जोडी, समजा छक्क्यांची, तिला फ्लॉपला तिसरी छक्की मिळायचा चान्स १२ टक्के, साडेआठात एकदा, त्यामुळे ती स्वस्तात आणि समोरच्याकडे भरपूर चिप्स असतील तरच, माझा अंदाज कॉलच्या पंधरा पट तरी. समोरच्याकडे ३०० च उरलेत आणि तुम्ही ८० घालून छक्की शोधताय तर ते कधीच वसूल होणार नाही.

आणि जागा. फ्लॉपनंतर वाटणाऱ्याच्या डावीकडून बोली सुरू होते आणि वाटणारा सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून मग ठरवायला मिळतं. जे पत्ते शेवटच्या जागेवरून खेळण्यासारखे आहेत तेच पहिल्या जागेवरून टाकण्यासारखे असतात. आमच्याकडे हे लोकांना पत्त्यांच्या क्रमापेक्षाही उशिरा कळलं.

ब्लफबद्दल सगळ्यांना सगळ्यात जास्त विचारायचं असतं म्हणून सांगते, तिथेही किंमतच. २०० च्या पॉटमध्ये तुम्ही काही नसताना १०० लावले तर तुम्ही १०० घालून २०० जिंकायला बघताय, म्हणजे तीनातून एकदा समोरच्याने पत्ते टाकले तरी बरोबरी. हे ऐकून लोकांना ब्लफ फार सोपा वाटतो. पण समोर तिघं असतील आणि प्रत्येकजण दहातून सहा वेळा टाकत असेल तर तिघंही टाकायचा चान्स ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, साधारण २२ टक्के, म्हणजे नुकसान. एकाविरुद्ध ठीक, तिघांविरुद्ध नको. आणि काकांविरुद्ध तर कधीच नको, काका रिव्हरला जोडी घेऊन फोल्ड करतच नाहीत, त्यांना समोरचा काय घेऊन बसलाय ते बघायचंच असतं. अशा माणसापुढे ब्लफ करून मग त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढे चांगले पत्ते आले की जास्त लावायचं, पॉटच्या अर्ध्याऐवजी पूर्ण, ते तेवढेच आनंदाने कॉल करतील. उलट मित्रासारखा सावध माणूस तिसरा बदाम बघून टाकतो, त्याच्यापुढे कधीतरी बदाम नसतानाही लावून बघा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट जी कोणी नीट समजावत नाही आणि मग रात्री साडेबाराला टेबलावर गोंधळ होतो, ती म्हणजे ऑल-इन झाल्यावर पॉट कसा वाटायचा. समजा आतेभावाकडे ३०० उरलेत आणि तो सगळे लावतो, वहिनी आणि काकांकडे ८०० आणि ८००, तेही सगळे लावतात. आतेभाऊ प्रत्येकाकडून ३०० च जिंकू शकतो, त्याने तेवढेच लावलेत. म्हणून आधी तिघांचे ३००-३०० वेगळे काढा, ९०० चा मुख्य पॉट, तो तिघांमधला. उरलेले ५००-५००, म्हणजे १,००० चा बाजूचा पॉट, तो फक्त वहिनी आणि काकांचा. पत्ते उघडताना आधी बाजूचा पॉट सोडवायचा, वहिनी की काका, आणि मग मुख्य. आतेभावाचे पत्ते सगळ्यात मोठे निघाले तर त्याला ९०० आणि १,००० उरलेल्या दोघांत ज्याचे मोठे त्याला, म्हणजे वहिनी आतेभावाकडून हरूनही २०० ने पुढे जाऊ शकते. बटणांचे दोन ढीग पत्ते उघडायच्या आधी करायचे, नंतर नाही, आणि टाकलेले पत्ते मधल्या ढिगात मिसळायचे नाहीत तोपर्यंत.